भाट्याचे माड : एका आवाराचा इतिहास

विद्यापीठाचे आवार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? दगडी इमारत, समोर एखादा जुना वड नाहीतर गुलमोहर, आणि झाडाखाली गप्पा मारत बसलेली मुले. रत्नागिरी शहराकडून खाडीवरचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले की भाट्ये गाव येते. इथे काजळी नदी समुद्राला मिळते. इथेही विद्यापीठाचे एक आवार आहे, पण ते या चित्रात बसत नाही. इमारती थोड्या आणि नजर जाईल तिथवर माडच माड, तेही ओळीने, ठरावीक अंतरावर लावलेले. हे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र. ते १९५५ मध्ये सुरू झाले. पुढे १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि हे केंद्र त्याच्याकडे आले. आज त्या विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव आहे.

झाडे आणि संस्कृती यांबद्दल लिहायचे तर वड, पिंपळ, औदुंबर, तुळस अशी नावे आधी सुचतात. आम्ही भाट्याचा माड निवडला त्याला कारण आहे. वडाची पूजा होते, पण वडाची शेती कोणी करत नाही. माडाचे तसे नाही. ज्या फळाला आपण श्रीफळ म्हणून देवापुढे ठेवतो, त्याच फळाचे वजन, खोबऱ्याची जाडी आणि तेलाचे प्रमाण इथे वहीत नोंदवले जाते. श्रद्धा आणि मोजमाप एकाच झाडावर एकत्र आलेले असे दुसरे उदाहरण आपल्याकडे शोधावे लागेल.

आणि गंमत अशी की ही मोजणी काही १९५५ साली सुरू झालेली नाही. ती जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे.

बत्तीस हजार बुंधे

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. काळ साधारण इसवी सनाचे दुसरे शतक उजाडतानाचा. उषवदाताने कोणाकोणाला काय दिले याची यादी या लेखांत आहे : गाई, गावे, घाट, धर्मशाळा, नद्यांवरच्या फुकट होड्या. याच यादीत नारळ आहे. नानंगोल नावाच्या गावातले नारळाचे ३२ हजार बुंधे त्याने चरक नावाच्या ब्राह्मणी पंथाच्या साधुसमूहांना दिले. हे समूह ज्या ठिकाणी राहत त्यांत शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा आहे. दुसऱ्या एका लेखात चिखलपद्र गावातले ८ हजार बुंधे लेण्यात राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंसाठी दिल्याची नोंद आहे. शब्द आहे ‘नाळिगेर’. आजचा ‘नारळ’ तिथून फार लांब नाही.

हे आकडे आपण जरा वर्गात मांडून पाहू. आज नारळाची लागवड साडेसात मीटर अंतरावर करतात. म्हणजे एका हेक्टरात सुमारे १७५ झाडे. त्या हिशेबाने ३२ हजार माडांना १८० हेक्टरांहून अधिक जागा लागेल. तेव्हा झाडे याहून दाट लावत असतील असे धरले आणि हा आकडा निम्मा केला, तरी ते परसातले चार माड नव्हेत. ती ठरवून केलेली, एका हाताखाली असलेली मोठी लागवड आहे. तिथे रोपे तयार करणारे, पाणी घालणारे, नारळ पाडणारे, सोलणारे लोक असणार. लेखात त्यांच्याविषयी एक अक्षर नाही. दान देणाऱ्याचे नाव दगडावर कोरले गेले, दान घेणाऱ्यांचेही कोरले गेले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दान जमिनीचे नाही, झाडांचे आहे. आणि झाडे बुंध्यांनी मोजली आहेत. कोकणात आजही भावाभावांत वाटण्या होताना जमीन एकाची, तीवरचे माड दोघांचे, असले प्रकार सापडतात. माड हे झाड कमी आणि ठेव जास्त, ही जाणीव त्या शिलालेखाइतकीच जुनी आहे. शिवाय उषवदाताने हीच ठेव ब्राह्मणांनाही दिली आणि बौद्धांनाही. त्या काळी नारळाला एखाद्या धर्माचे चिन्ह समजत असते तर असे झाले नसते. निदान या दोन लेखांपुरते तरी नारळ म्हणजे उत्पन्न.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी नेमके याच जागी बोट ठेवले. हा गणिती गोव्यातल्या कोसबें गावी १९०७ मध्ये जन्मलेला. भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे भाट्याचे केंद्र सुरू झाल्यावर एका वर्षाने. त्यात त्यांनी म्हटले की नारळ हे झाड आग्नेय आशियातून आपल्या किनाऱ्यावर आले, ते पूर्व किनाऱ्यावर इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात आणि पश्चिम किनाऱ्यावर त्यानंतर शंभरेक वर्षांनी. ते आले म्हणून किनारपट्टीची चिंचोळी, रेताड जमीन दाट वस्तीला उपयोगी पडली. आज ज्याच्यावाचून एकही धार्मिक विधी पुरा होत नाही ते फळ जुन्या वैदिक विधींना ठाऊकच नव्हते, याकडे त्यांनी जरा खट्याळपणेच लक्ष वेधले आहे. आधी झाड पोट भरू लागले, मग ते पवित्र झाले, असा त्यांच्या मांडणीचा अर्थ.

ही मांडणी आम्हांला आजही महत्त्वाची वाटते. पण तिचा एक भाग आता जसाच्या तसा घेता येत नाही.

नारळ आला कुठून?

नारळ तरंगतो, हे सर्वांना माहीत आहे. किती दिवस? हवाई बेटांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९४१ मध्ये एडमन्सन या संशोधकाने प्रसिद्ध केले. समुद्राच्या पाण्यात ११० दिवस राहिलेला नारळही रुजला. एवढ्या काळात प्रवाहाबरोबर तो हजारो किलोमीटर जाऊ शकतो. तेव्हा एखाद्या किनाऱ्यावर नारळ दिसला तर तो माणसाने आणला की लाटेने, हे नुसते पाहून सांगता येत नाही. मध्य भारतात दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या जीवाश्मांत नारळासारखी फळे असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्णिले आहे. ते खरोखर आजच्या नारळाचे पूर्वज होते की माडाच्या कुळातले दुसरे कोणी, यावर एकमत नाही. आणि एवढ्या जुन्या पुराव्याचा उषवदाताच्या बागांशी संबंध जोडणेही बरोबर नाही.

खरा उलगडा झाला तो आनुवंशिक तपासणीमुळे. बी गन, ल्यूक बोदुआँ आणि केनेथ ओल्सेन या तिघांनी जगभरातल्या १,३२२ नारळांच्या डीएनएची तुलना केली आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. जगातले नारळ दोन स्पष्ट गटांत पडतात. एक पॅसिफिक गट, दुसरा हिंदी-अटलांटिक गट. हे दोन्ही गट इतके वेगळे आहेत की माणसाने नारळाला दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे आपलेसे केले असावे. एक ठिकाण आग्नेय आशियातली बेटे, तर दुसरे भारताचा दक्षिण भाग आणि त्याच्या शेजारची श्रीलंका, मालदीव, लक्षद्वीप ही बेटे.

मग कोसंबी चुकले का? मुलांनी हा प्रश्न विचारला तर घाईने हो किंवा नाही म्हणू नये. ‘नारळ आग्नेय आशियातून आला’ हे विधान आपल्या किनाऱ्यावरच्या उंच माडांना लागू पडत नाही, असे आता म्हणावे लागते. पण कोकणात नारळाची मोठी लागवड नंतरच्या काळात, दक्षिणेकडून, माणसाच्या हातून आली हे त्यांचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. झाड जवळपास असणे ही एक गोष्ट आणि त्याच्या ३२ हजार बुंध्यांची बाग असणे ही दुसरी. पहिलीचे उत्तर डीएनए देतो, दुसरीचे शिलालेख.

शब्दांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. संस्कृत ‘नारिकेल’ अरबी-फारशीत ‘नार्जिल’, ‘नारगिल’ झाला. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने आपल्या ग्रीक पुस्तकात या फळाला ‘अर्गेल्लिया’ म्हटले. त्यानंतर हजार वर्षांनी पोर्तुगीज आले. त्यांना सोललेल्या नारळाच्या तीन डोळ्यांत बागुलबुवाचे तोंड दिसले आणि त्यांच्या भाषेतला बागुलबुवाचा ‘कोको’ हा शब्द त्यांनी फळाला लावला. लिनियसने १७५३ मध्ये हाच शब्द ‘कोकॉस न्युसिफेरा’ या शास्त्रीय नावात कायमचा करून टाकला. आपल्याला ज्या डोळ्यांत शंकराचे त्रिनेत्र दिसतात, त्यांतच परक्या खलाशाला भूत दिसले! वनस्पतिशास्त्राला तिथे फक्त तीन अंडपांच्या खुणा दिसतात. त्यांतले एकच सुपीक असते, म्हणून तीनपैकी एकच डोळा मऊ असतो आणि कोंब तिथूनच बाहेर येतो. नारळ फोडण्याआधी मुलांना तो मऊ डोळा बोटाने शोधायला सांगावे. धडा तिथेच अर्धा शिकवून होतो.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधी द्रव्यांवरच्या ग्रंथात नारळावर एक स्वतंत्र संवाद लिहिला आहे. त्यात त्याने साधा नारळ आणि मालदीवकडून येणारा दर्याचा नारळ यांची चर्चा केली. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांत नारळाला अशी जागा मिळाली आहे.

फळ गाभाऱ्यात, माणूस बाहेर

कोकणातल्या बोलीत माडाच्या अवयवांना आणि अवस्थांना किती शब्द आहेत हे मोजण्याचा उपक्रम कोणत्याही शाळेला करता येईल. शहाळे, मग अडसर, मग नारळ. सोडण, काथ्या, करवंटी, खोबरे, गोटा. झावळी, झाप, हीर, पोय, पेंड. झापांचा मांडव, हिरांची केरसुणी, सोडणाचे जळण. जे झाड रोज हाताखाली असते त्याच्याच वाट्याला एवढे शब्द येतात. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूचे बन आहे. सुरू मूळचा आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा. मुळांवरच्या गाठींतल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने हवेतला नायट्रोजन वापरून तो नुसत्या वाळूतही उभा राहतो आणि वारा अडवतो. गुणी झाड. पण त्याच्या अवयवांना बोलीत नावे नाहीत, त्याच्या नावाने सण नाही, की त्याला कोणी गाऱ्हाणे घालत नाही. सोबत पुरेशी जुनी नाही, एवढेच.

उलट नारळाला जन्मापासून मरणापर्यंत काम आहे. ओटीत नारळ, कलशावर नारळ, नव्या होडीपुढे नारळ, गावदेवाच्या गाऱ्हाण्यात नारळ. सत्काराला शाल आणि श्रीफळ, आणि नोकरीवरून काढले तरी ‘नारळ दिला’ असेच आपण म्हणतो. निरोपाच्या वेळी हातावर नारळ ठेवण्याच्या रीतीतून हा वाक्प्रचार आला असणार. पशुबळीच्या जागी नारळ आला असे एक मत नेहमी सांगितले जाते. शेंडी, डोळे, कवटीसारखी करवंटी हे साम्य पाहता ते पटण्यासारखे आहे, पण असे स्थित्यंतर कधी आणि कुठे झाले हे दाखवणारा पुरावा मागितला तर पंचाईत होते. आम्ही त्याला अंदाजच म्हणू.

अंदाज नसलेली एक गोष्ट मात्र आहे. माडावर चढून नारळ पाडणारा, माडी काढणारा भंडारी समाज, काथ्या कुटणाऱ्या बायका, होडीवरचे कोळी आणि खारवी यांच्या हातांतून नारळ देवळापर्यंत पोहोचला. तो गाभाऱ्यात गेला. त्यातल्या बऱ्याच माणसांना गाभाऱ्याबाहेर थांबावे लागले. भाट्याच्या खाडीपलीकडे रत्नागिरी शहरात पतितपावन मंदिर आहे. ते १९३१ मध्ये सर्व जातींसाठी उघडले गेले. ते बांधण्यासाठी पैसा उभा करणारे भागोजी कीर हे भंडारी समाजातले. देवळाची अशी वेगळी गरज त्यांना का वाटली असेल, हे समजायला माडाचा इतिहास उपयोगी पडतो. बायकांनी नारळ फोडू नये हा समज तर अजूनही अनेक घरांत पाळला जातो. वर्षभर खोवलेल्या खोबऱ्यावर जे घर चालते तिथेच हा नियम लागू होतो, ही विसंगती मुलींच्या लक्षात पटकन येते, असा आमचा अनुभव आहे.

माडीवरून सरकारशीही झगडा झाला. न उमललेल्या पोयीला काप देऊन जो रस मिळतो ती नीरा. हवेतल्या यीस्टमुळे ती काही तासांतच आंबते आणि तिची माडी होते. ज्या पोयीतून रस काढला तिला नारळ धरत नाहीत, म्हणजे मालकाला एकाच्या बदल्यात दुसरे निवडावे लागते. इंग्रज सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या निवडीत हात घातला. रस काढण्याच्या झाडांवरचा कर वाढला, गावोगावच्या लहान भट्ट्या बंद होऊन दारू मक्तेदारांच्या हाती गेली. मुंबई, ठाणे, कुलाबा या भागांतल्या भंडाऱ्यांनी १८८० च्या दशकात माडांचे कामच बंद ठेवून विरोध केला. जंगल सत्याग्रह आपल्या पाठ्यपुस्तकांत असतो, परसातल्या झाडासाठी झालेला हा संप नसतो.

नारळी पौर्णिमा आणि ३१ जुलै

श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात. पावसाळ्याचा जोर ओसरला, वारे शांत होऊ लागले, आता होड्या पाण्यात घालायला हरकत नाही, असा त्या दिवसाचा व्यवहारातला अर्थ. मालवणला त्या दिवशी नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. हातातल्या नारळावर दुसऱ्याने नारळ आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला. (जाड करवंटीचा नारळ ओळखण्याची कला या खेळात जितकी दिसते तितकी बाजारातही दिसत नाही.)

पश्चिम किनाऱ्यावर आता यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. कायद्याची तारीख इंग्रजी पंचांगाची, सणाची तारीख चंद्राची. २०२३ मध्ये अधिकमासामुळे श्रावणी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. २०२४ मध्ये १९ ऑगस्टला. म्हणजे समुद्राला नारळ वाहण्याच्या आधी अडीच ते चार आठवडे ट्रॉलर समुद्रात गेलेले. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत असावी अशी मागणी पारंपरिक मच्छीमारांनी अनेकदा केली आहे. हा नुसता धार्मिक हट्ट नव्हे. लहान होडीला जो समुद्र ऑगस्टच्या सुरुवातीला धोक्याचा असतो, तोच मोठ्या ट्रॉलरला चालतो; मग पहिला मासा कोणाचा हे तारखेवर ठरते. दुसरीकडे, चंद्राची तारीख दरवर्षी दहा ते वीस दिवसांनी पुढेमागे होते आणि माशांची वीण काही तिथी पाहून होत नाही, हेही खरेच आहे. दोन्ही बाजू वर्गात मांडून वाद घडवून आणण्याजोगा हा विषय आहे.

माड हा वृक्ष आहे काय?

हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या तासाचा वाटेल, पण तो विधानसभेत गेला. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यात जानेवारी २०१६ मध्ये दुरुस्ती करून नारळाला ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळले गेले. परवानगीशिवाय माड तोडणे त्यामुळे सोपे झाले. नारळाला फांद्या नाहीत, तो शास्त्रीयदृष्ट्या गवताच्या जवळचा, असे युक्तिवाद त्या वेळी ऐकू आले. लोकांनी जोरदार विरोध केला आणि २०१७ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने नारळाला पुन्हा वृक्षाचा दर्जा देऊन राज्यवृक्ष म्हणण्याचे ठरवले.

यातले शास्त्र किती खरे? माड एकदलिकित आहे, हे खरे. त्याच्या खोडात विभाजी पेशींचा तो थर नसतो ज्यामुळे आंब्या-फणसाचे खोड वर्षागणिक जाड होते. म्हणून माडाला वाढीची वलये नाहीत. वाढणारा कोंब एकच, शेंड्याला. तो मेला की झाड मेले. सिंधुदुर्ग किल्ल्यात एक दोन फांद्यांचा माड होता, दोन्ही फांद्यांना नारळ धरत. त्याचे कोंब कधीतरी दुभंगले असणार. पुढे वीज पडून तो गेला, पण त्याची प्रसिद्धी सांगते की फांदी हा माडाच्या बाबतीत अपवादच. हे सर्व मान्य करूनही ‘म्हणून तो वृक्ष नव्हे’ हे त्यातून निघत नाही. वृक्ष हा शब्द झाडाच्या रूपाला आणि आकाराला लावतात, कुळाला नव्हे. वीस मीटर उंच, ऐंशी वर्षे जगणाऱ्या, घराला सावली आणि माणसाला अन्न देणाऱ्या वनस्पतीला काय म्हणायचे याचा निकाल एकट्या वनस्पतिशास्त्राकडे मागणे हीच मुळात चूक आहे. शास्त्राचा आधार घेऊन कुऱ्हाडीची सोय केली गेली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वलये नाहीत, तरी माडाचे वय अजमावता येते. माडाला वर्षाला साधारण बारा ते चौदा झावळ्या येतात आणि प्रत्येक गळालेली झावळी खोडावर एक व्रण ठेवून जाते. शाळेच्या आवारातल्या माडाच्या खोडावरचे व्रण मोजावेत, बाराने भागावे, वर दिसत असलेल्या तीस-चाळीस झावळ्यांची तीन वर्षे मिळवावीत आणि खोड जमिनीबाहेर येण्याआधीची चार-पाच वर्षे धरावीत. उत्तर ढोबळ येईल, पण येईल. व्रण जिथे एकमेकांजवळ आले आहेत ती वर्षे झाडाला कठीण गेलेली असतात. चढण्यासाठी खोडात घेतलेल्या खाचा मात्र कधीच भरून येत नाहीत. त्या जखमांतून सोंड्या भुंग्याला आत शिरायला वाट मिळते.

प्रताप आणि बाणवली

आता भाट्याच्या आवारात पुन्हा शिरू. नारळावरचे पद्धतशीर संशोधन आपल्याकडे १९१६ मध्ये मद्रास सरकारने कासरगोड आणि नीलेश्वर इथे केंद्रे काढून सुरू केले. नीलेश्वरला जे. एस. पटेल यांनी उंच आणि बुटक्या जातींचा संकर केला आणि संकरित रोपे दोन्ही पालकांपेक्षा जोमदार निघतात हे १९३७ मध्ये दाखवले. नारळातला संकराचा जोम जगात प्रथम तिथे नोंदला गेला. बुटक्या जाती बहुतांशी पॅसिफिक गटाच्या आणि आपले उंच माड हिंदी-अटलांटिक गटाचे, हे आपल्याला आता ठाऊक आहे. पटेलांना ते ठाऊक असणे शक्यच नव्हते. उंच × बुटका हा संकर म्हणजे हजारो वर्षे वेगळ्या पडलेल्या दोन घराण्यांची सोयरीक होती.

भाट्याने वेगळा रस्ताही धरला. ‘प्रताप’ ही १९८७ मध्ये प्रसारित झालेली जात संकरातून आलेली नाही, निवडीतून आलेली आहे. बाणवली म्हणजे दक्षिण गोव्यातल्या बाणावली गावाच्या नावाने ओळखला जाणारा उंच माड. त्यातल्या हिरव्या, गोल फळाच्या प्रकारातून ती निवडली. गोल फळ ही साधी गोष्ट नाही. समुद्रावर तरंगत पसरणाऱ्या रानटी नारळाचे फळ लांबट, त्रिधारी, जाड सोडणाचे असते. गोल, पातळ सोडणाचे, पाण्याने भरलेले फळ ही माणसाने पिढ्यान्पिढ्या केलेल्या निवडीची खूण मानतात. बाणावलीच्या कुळागरांत ही निवड नाव न ठेवता कोणी कोणी केली. केंद्राने ती पुढे नेली, उत्पन्नाच्या नोंदी ठेवल्या, नाव दिले. याच केंद्राने पुढे गंगाबोंडम ही बुटकी जात आणि पूर्व किनाऱ्याचा उंच माड यांचा ‘कोकण भाट्ये कोकोनट हायब्रीड-१’ हा संकरही दिला.

भाट्याच्या ‘लाखी बागे’चे असेच आहे. माडाची कार्यक्षम मुळे बुंध्यापासून दोनेक मीटरच्या आतच दाटलेली असतात, आणि माड उंच वाढला की झावळ्यांमधून भरपूर तिरपे ऊन खाली येते. म्हणजे दोन माडांमधली बरीचशी जमीन आणि उजेड वाया जातो. तिथे जायफळ, दालचिनी, काळी मिरी, केळी, अननस अशी पिके ठरावीक अंतराने बसवून लाखाचे उत्पन्न काढायचे, ही कल्पना. कोकणातल्या जुन्या आगरात माडापोफळींवर मिरवेल आणि मध्ये केळ, जायफळ असतच. केंद्राने त्यात अंतर, खत आणि हिशेब आणला.

हिशेबाची गरज का पडली हे बाजारात कळते. महाराष्ट्रातल्या देवळांपुढे फुटणारे बहुतेक नारळ आज तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र आणि केरळातून येतात. गाऱ्हाणे मालवणीत आणि नारळ पोल्लाचीचा! माडावर चढणारी माणसे कमी झाली, घरे बंद पडली, कलमी आंब्याकडे पैसा वळला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले तेव्हा रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत माडापोफळींच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. उंच जातीचा माड फुलायला सहा-आठ वर्षे घेतो. वादळानंतर लगेच लावलेल्या रोपांपैकीही पुष्कळ अजून पोयीवर यायची आहेत, आणि पन्नाशीतल्या बागाईतदाराला पूर्वीइतके उत्पन्न मिळेपर्यंत त्याची साठी येईल. बुटका माड लावला तर तीन-चार वर्षांत फळ दिसते, पण त्याचे आयुष्य निम्मे. रोपवाटिकेसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला या दोहोंतून एक निवडायचे असते, आणि त्याचा निर्णय बहुधा घरात पुढे कोण राहणार आहे यावर ठरतो.